शेवट न सांगणारे म्हस्कू आप्पा

म्हस्कू आप्पांची आणि माझी ओळख त्यांनी माझ्या डाव्या कानाखाली लगावलेल्या थपडेने झाली. नव्वदच्या दशकाचा मध्य होता. मी मूळचा शिरूरचा. तेथील तहसील कचेरीसमोर चार अर्जनवीस आधीपासून बसत असल्यामुळे मी दौंडच्या कोर्टाच्या आवारात, लिंबाखाली टेबल टाकले होते. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी माझ्या हातचा अर्ज कोणत्याही कारकुनाने आजवर परत केलेला नाही, हे नम्रपणे नमूद करतो. त्या दिवशी कोर्टाला सुट्टी होती. स्टेशनामागच्या टॉकीजमध्ये मी बाराचा खेळ पाहिला आणि बाहेर येताच तीनच्या खेळासाठी रांगेत उभ्या असलेल्या मंडळींना माझे मत ऐकवू लागलो. "चित्रपट सामान्य आहे," मी म्हणालो, "कारण खुनी कोण निघतो, तर नायिकेचा सख्खा..."

पुढचा शब्द माझ्या तोंडातच राहिला. डोळ्यांपुढे पांढरा प्रकाश चमकला, कानात शिट्टी वाजू लागली आणि चष्मा फरशीवर जाऊन आदळला. समोर साडेसहा फुटांचा, पन्नाशीचा, खाकी शर्टातला एक माणूस उभा होता. त्याचे दोन्ही कान पैलवानांचे असतात तसे चुरगळलेले होते. त्याने वाकून माझा चष्मा उचलला, डाव्या काचेला गेलेला तडा पाहिला, शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला आणि स्वतःच्या हाताने माझ्या नाकावर बसवला.

"निकाल लागला, साहेब," तो म्हणाला. "आता घरी जा."

रांगेतले लोक हसले. मी आयुष्यात इतका अपमान सहन केला नव्हता. फलाटावरच्या बाकावर बसून मी त्याच दुपारी फिर्याद लिहून काढली. "सदर इसम पूर्वीपासून क्रूर स्वभावाचा असून, त्याने मला जीवे ठार मारण्याच्या इराद्याने माझ्या कानावर प्राणघातक आघात केला, माझा चष्मा पाडून फोडला, आणि मी मयत झालो असे समजून तो निघून गेला." यातला शेवटचा भाग खरा नव्हता, पण आमच्या धंद्यात थपडेची फिर्याद थपड म्हणून लिहिली, तर ती कोणी वाचत नाही. जीवे मारण्याचा इरादा आम्ही सगळेच घालत असू, अगदी बांधावरच्या भांडणातसुद्धा.

दुसऱ्या दिवशी साक्षीदारांची नावे टिपण्यासाठी मी पुन्हा टॉकीजवर गेलो. तो माणूस तेथील डोअरकीपर होता. सगळे त्याला म्हस्कू आप्पा म्हणत. त्याने मला ओळखले, बाकड्यावर बसवले आणि विचारले, "काल आत जाताना तुम्हाला कुनी सांगितलं व्हतं का, खुनी कोन ते?"

"नाही."

"मंग मजा आली का न्हाई?"

"आली," मी कबूल केले.

"मंग ती मजा दुसऱ्याच्या तोंडातून का काढून घ्यायला निघाला व्हता? भाकरी असती तर घेतली असती का?"

फिर्यादीचा कागद मी पिशवीच्या तळाशी ठेवला. फाडला मात्र नाही. जुना मसुदा फाडायचा नाही, नाव बदलून तो पुन्हा कामास येतो, हा आमच्या व्यवसायाचा रिवाज आहे.

त्या दिवसापासून सात वर्षे, कोर्ट सुटले की मी टॉकीजच्या बाकड्यावर जाऊन बसत असे. आप्पा इनामगावचे. वडिलांनी मेंढरे राखली, आप्पांनी कुस्ती केली आणि कुस्ती सुटल्यावर ते या दारात येऊन उभे राहिले. दौंड जंक्शन असल्यामुळे तेथल्या टॉकीजला एक निराळेच गिऱ्हाईक लाभत असे. गाडी दोन-तीन तास उशिरा आहे असे कळले की फलाटावरची माणसे बोचकी घेऊन चित्रपटाला येऊन बसत. आप्पांचा एक कान स्टेशनच्या भोंग्याकडे असे. गाडीची घोषणा झाली की ते पडदा बाजूला सारून अंधारात ओरडत, "मनमाडवाले, उठा! गाडी आली!" नायक कड्याला लोंबकळत असला तरी मनमाडची माणसे बोचकी उचलून पळत सुटत.

"लेट गाडीचं पब्लिक लई गुनाचं," आप्पा म्हणत. "पोस्टर बघत न्हाई, हिरो कोन इचारत न्हाई. रिकामं आत जातं, म्हनून भरून भाईर येतं. आन् शुक्रवारच्या पयल्या खेळाचं पब्लिक आधीच भरलेलं असतं. त्याच्यात आनखी काय वतनार? सांडतंच."

सांडणे म्हणजे काय, ते मी एका शुक्रवारी पाहिले. एका फार मोठ्या नायकाचा चित्रपट लागणार होता. सहा महिने आधीपासून भिंतीभिंतीवर त्याचे रक्ताळलेले तोंड चिकटवलेले होते. रिक्षावरचा भोंगा "असली हाणामारी तुमच्या बापजन्मात पाहिली नसेल" असे गावभर ओरडून गेला होता. दाराच्या जाळीवर एवढी माणसे लोटली की एकाचे मनगट सळईत अडकून मोडले, तरी तो मोडलेल्या हातासह आत गेला. आत गेल्यावर काय दिसले? नायक पहिला तासभर आजारी आईच्या उशाशी बसलेला. मध्यंतरानंतर त्याने तलवार उचलली, पण ती देव्हाऱ्यात ठेवण्यासाठी. प्रथम शिट्ट्या झाल्या, मग शिव्या. मग सोड्याची बाटली पडद्यावर फुटली. काही लोकांनी खुर्च्यांचे रेक्झिन चाकूने फाडले, फळ्या उपटल्या आणि त्या पुढच्या रांगेतल्यांच्या डोक्यात घातल्या. आप्पा दोन्ही हात पसरून ऑपरेटरच्या खोलीच्या जिन्यावर उभे राहिले. कोणीतरी वार केला. कोपरापासून मनगटापर्यंत त्यांचा हात उकलला. रक्त पायऱ्यांवर ठिबकत असताना ते समोरच्या तरुणाला म्हणाले, "पिच्चर त्यानं न्हाई काढला रं. त्यो निस्ता रीळ फिरवतो."

खरी गंमत पुढे झाली. वर्षभराने तोच चित्रपट बाराच्या खेळाला पुन्हा लागला. पोस्टरे नव्हती. पुण्याकडची गाडी रखडल्यामुळे शंभरेक प्रवासी येऊन बसले. त्यात मीही होतो. मागच्या वर्षी मी या चित्रपटाला टाकाऊ ठरवून कोर्टभर तसे सांगितले होते. या वेळी नायकाने तलवार देव्हाऱ्यात ठेवली, तेव्हा माझ्या शेजारच्या बाईने पदर डोळ्यांना लावला आणि मलाही चष्मा काढावा लागला. बाहेर आलो तर आप्पा माझे तोंड न्याहाळत होते.

"तीच रिळं, तोच पडदा," ते म्हणाले. "मंग मागच्या साली माझा हात कुनी फाडला? पिच्चरनं, का भोंग्यानं?"

स्वतः आप्पांनी मात्र एकाही चित्रपटाचा शेवट पाहिलेला नव्हता. नोकरीच्या पहिल्या वर्षी दार उघडायला उशीर झाला आणि लोंढ्यात एका म्हातारीच्या बरगड्या मोडल्या. तेव्हापासून खेळ संपायला दहा मिनिटे उरली की ते उठत, बाहेरची जाळी सरकवत, बाजूच्या दरवाजांचे बोल्ट काढत आणि अंगणात जाऊन उभे राहत. शेवट ते बाहेर येणाऱ्या माणसांच्या तोंडावर पाहत. मी एकदा म्हणालो, "आप्पा, मी सांगू का, कालच्या चित्रपटात शेवटी काय झाले?" त्यांनी नुसता उजवा तळहात वर केला. माझा कान आपोआप खांद्याकडे गेला.

"का एवढे चिडता?" मी विचारले.

तेव्हा त्यांनी कुस्ती का सुटली ते सांगितले. शिरूर तालुक्यातल्या एका जत्रेत त्यांची शेवटची, मानाची कुस्ती होती. दोन्ही वस्तादांनी आधीच ठरवले होते की चाळीस मिनिटे झुंजायचे आणि बरोबरीत सोडवायची. आप्पांनी मान डोलावली. पण कोणाच्या तरी तोंडातून ही गोष्ट फुटली. आखाड्याभोवती पाच गावे बसलेली होती, आणि कुस्ती लागण्यापूर्वीच शेवट सगळ्यांना ठाऊक होता.

"आमी जीव तोडून खेळलो, साहेब. ठरली व्हती तरी खरी खेळलो. मी त्याचा खांदा उतरवला, त्यानं माझं नाक फोडलं. पर लोकांना ते दिसंचना. त्यांना निस्ता शेवट दिसत व्हता. मंग दगडं सुरू झाली. हलगीवाल्याच्या कपाळात दगड बसला, त्यो हलगीवरच पडला. मी त्याला उचलाया गेलो तर माझ्या पाठीत काठ्या. हलगीवाला पुन्यांदा उठला न्हाई. शेवट कुनी सांगितला, त्ये आजपातुर मला कळलं न्हाई. कळला असता तर मी फाशी गेलो असतो."

आता मी ज्या प्रसंगासाठी हे लेखन हाती घेतले, त्याकडे येतो. दोन हजार साल उलटून गेले होते. टॉकीजमध्ये एक जुनी, ओरखडलेली प्रिंट आली. नायक अनोळखी, पोस्टर फाटके. मालक ती तीन दिवसांत उतरवणार होता. पहिल्या दिवशी लेट गाडीचे लोक आत गेले आणि बाहेर येताना कोणीही बोलेना. एका रेल्वे पोर्टरने आप्पांच्या हाताला नुसता हात लावला आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने घरच्यांना आणले. गर्दी वाढत गेली आणि मालकाने चित्रपट उतरवणे लांबवले. त्या चित्रपटात शेवटच्या पाच मिनिटांत असे काही घडत होते की आधीचे अडीच तास उलटे होऊन जात. आप्पांनी ते पाहिलेले नव्हते. पण सात दिवस ते त्या दारावर देवळाच्या पुजाऱ्यासारखे उभे होते. "असा पिच्चर मी दारात बगितला न्हाई," ते म्हणायचे. बाहेर येणाऱ्यांचा रस्ता त्यांनी दोर बांधून वेगळा केला.

आठव्या दिवशी, रेल्वे कॉलनीतला विलास नावाचा एक तरुण तीनच्या खेळाला आला. त्याला हाणामारी हवी होती, ती मिळाली नाही. बाहेर येताच तो रांगेच्या लोखंडी पाइपावर चढला आणि ओरडला, "ऐका रे, फुकट सांगतो! शेवटी..."

"खाली उतर, बाळा," आप्पा म्हणाले.

"का? बुढ्ढ्या, तुझ्या बापाची टॉकीज हाय का?"

"उतर म्हनतो."

"अरे, ती बायको जी असते ना, ती..."

आप्पांच्या हातात पाच सेलची टॉर्च होती. ती फिरलेली मला दिसली नाही, नुसता आवाज ऐकू आला. विलास पाइपावरून खाली पडला आणि त्याच्या कानातून रक्ताची बारीक धार कॉलरमध्ये उतरू लागली. सहाचा खेळ सुरू होईतो कॉलनीतली वीस-पंचवीस माणसे आली. त्यांनी आप्पांना भिंतीशी नेऊन लाथा, पट्टे, हाताला लागेल त्याने मारले. बुटाखाली त्यांची दोन बोटे मोडली. चाळीस माणसे रोखणाऱ्या त्या पैलवानाने हात वर केला नाही. फक्त एकदा तोंडातले रक्त थुंकून आप्पा म्हणाले, "मारा. पर हळू. आत खेळ सुरू झालाय."

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आवारात ती सगळी माणसे माझ्या टेबलाभोवती उभी राहिली. विलासच्या डोक्याला पट्टी होती. "फिर्याद लिवा, अन् कडक लिवा," त्याचा मामा म्हणाला. "तुमीच लिवता म्हनं कडक." गर्दी, आरडाओरडा, ठाण्यात जाण्याची घाई. मी पिशवीच्या तळाशी हात घातला, सात वर्षांपूर्वीचा मसुदा काढला, माझ्या नावाच्या जागी विलासचे नाव घातले, थपडेच्या जागी टॉर्च घातली आणि अकरा मिनिटांत फिर्याद तयार करून दिली. घाई होती हे खरे. परंतु सात वर्षे ज्याच्याशेजारी रोज चहा घेतला, त्याच्याविरुद्धचा कागद मी पिशवीत जपून का ठेवला होता, याचे उत्तर घाई हे नव्हे. ती थपड माझ्या कानातून अजून गेलेली नव्हती.

जीवे ठार मारण्याचा इरादा, पूर्वीपासूनचा क्रूर स्वभाव, मयत समजून निघून जाणे हे सारे माझ्या सुवाच्य अक्षरात असल्यामुळे त्याप्रमाणे कलम लागले. आप्पा अडीच महिने तुरुंगात होते. दारावर दुसरा माणूस आला. जामिनावर सुटल्यावर ते टॉकीजकडे फिरकले नाहीत, इनामगावला गेले. ज्याच्यासाठी हे घडले, तो चित्रपट मारहाणीच्या दुसऱ्याच दिवशी उतरला होता.

दीड वर्षाने खटला उभा राहिला. मी कोर्टात मागच्या बाकावर बसलो होतो. दहा वर्षांची शिक्षा होऊ शकते, असे वकील मंडळी बोलत होती. आप्पांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरू लागला होता. दहा वर्षांनी ते बाहेर आले नसते. फिर्याद वाचून दाखवण्यात आली. माझी वाक्यरचना भर कोर्टात घुमत होती. आप्पांचे वकील उठले.

"फिर्यादीत असे आहे की आरोपीने तुमचा चष्मा पाडून फोडला. तो चष्मा कुठे आहे?"

विलास गोंधळला. "कंचा चष्मा?"

"तुमचा."

"मला चष्मा न्हाई, साहेब. कवाच नव्हता."

"मग हे कोणी सांगितले?"

"काय म्हाईत. म्या टॉर्च सांगितली व्हती."

कोर्टात हशा पिकला. घाईत ते एक वाक्य माझ्याकडून बदलायचे राहून गेले होते. वकिलांनी ते वाक्य धरून सगळा कागद उसवला: जे झालेच नाही ते येथे लिहिले आहे, तर इरादा तरी कशावरून खरा? जीवे मारण्याचा आरोप टिकला नाही. साध्या दुखापतीचा राहिला, आणि त्याची शिक्षा ते आधीच भोगून बसले होते. तो हशा सुरू असतानाच मी माझ्या नाकावरचा चष्मा काढून खिशात घातला. त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यातून आप्पांनी माझ्याकडे पाहिले की नाही, हे मला दिसले नाही. मी तसाच उठून आवाराबाहेर गेलो.

पुढे सात-आठ वर्षे मी त्यांना भेटलो नाही. टॉकीज बंद पडली, तेथे गोदाम झाले. मी माझ्या अर्जांतून "जीवे ठार मारण्याचा इरादा" काढून टाकला. जेवढे झाले तेवढेच लिहू लागलो. गिऱ्हाइके नाराज झाली, शेजारच्या टेबलाकडे जाऊ लागली. मग एका रविवारी मी शिरूरहून एसटीने इनामगावला गेलो. जे सांगायचे होते ते सांगितल्याशिवाय परतायचे नाही, असे मी मनाशी ठरवले होते.

आप्पा खाटेवर बसून टीव्ही पाहत होते. शरीर निम्मे झाले होते, मोडलेली बोटे वाकडी जुळली होती. सून चहा ठेवून गेली. "या साहेब," ते म्हणाले, जणू मी कालच उठून गेलो होतो. "बसा. इंटरव्हल झालाय नुकताच." मी बसलो. शब्द जुळवत होतो, पण जुळत नव्हते. चित्रपट शेवटाकडे आला. तेवढ्यात आप्पा काठी घेऊन उठले, दाराशी गेले, दाराची एक फळी उघडली, मग दुसरी. उंबऱ्यापुढच्या चपला पायाने बाजूला सारून वाट मोकळी केली आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

"रोजच असं करत्यात," सून आतून म्हणाली. "शेवट म्हनून बघत न्हाईत."

मी शेवट एकट्याने पाहिला, पण काय पाहिले ते आज आठवत नाही. बाहेर आलो तेव्हा ते भिंतीला टेकून माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"पिच्चर चांगला नव्हता वाटतं," ते म्हणाले.

"आप्पा, ती फिर्याद मी लिहिली होती."

"व्हय."

"व्हय म्हणजे?"

"म्हाईत हाय मला. अठ्ठावीस वरसं दारात हुबा व्हतो. हानले तर लई जन हानले. पर चष्मेवाला एकच हानला." ते हसले. "कोर्टात त्यो कागद वाचला तवा वाटलं, असला हलकट मानूस मला गावला असता, तर मीबी त्याला हानला असता. लई झ्याक लिवलं व्हतं."

"मग एवढी वर्षे बोलला का नाहीत? वकिलांना सांगितले असते, तर मी पिंजऱ्यात उभा राहिलो असतो. निदान मला तरी निरोप धाडायचा."

आप्पांनी हात पुढे केला. माझा कान सवयीने खांद्याकडे गेला. त्यांनी माझ्या नाकावरचा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने दोन्ही काचा सावकाश पुसल्या आणि वाकड्या बोटांनी तो पुन्हा जागेवर बसवला.

"तुमी कवातरी येनार, हे ठरलेलंच व्हतं," ते म्हणाले. "मंग मी आधी कसा सांगीन?"

त्यानंतर त्यांनी मला एसटीच्या फाट्यापर्यंत सोबत केली. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात ते गेले. निरोप मिळाल्यावर मी त्यांच्या घरी पोहोचलो, तो माणसे स्मशानातून परतत होती. दाराच्या दोन्ही फळ्या उघड्या होत्या आणि उंबऱ्यापुढच्या चपला कोणीतरी बाजूला सारून ठेवलेल्या होत्या.